बाक कोरडा आढळला

पाणी आधी आईच्या पाठीवर पडलं, मग बाकावर.

भरलेली बादली होती. कंपाउंडरने दोन्ही हातांनी उचलली आणि ओतली. आई त्या बाकाच्या टोकाला बसलेली. अंगात ताप. डोळे मिटलेले. तिला कोणी ऊठ म्हटलं नाही. बाजूला हो म्हटलं नाही. थंडीतली सकाळ. आई दचकून उठायला गेली आणि ओल्या फरशीवर गुडघ्यांवर आली. लुगडं अंगाला चिकटलेलं. दवाखान्यात सात-आठ माणसं बसलेली. सगळ्यांनी पाय वर घेतले. पाणी लागू नये म्हणून.

मी डॉक्टरांच्या खोलीच्या पडद्यापाशी उभी होते. आईचा नंबर कधी लागेल ते विचारायला गेले होते. पाणी ओतण्याच्या जरा आधी पडदा सरकवून डॉक्टरांनी बाहेर नजर टाकली होती. आई दिसली. कंपाउंडरला म्हणाले, "यांना बाकावर कोणी बसू दिलं? आधी धुऊन घे तो."

एवढंच. आवाज चढवला नाही. पडदा पुन्हा ओढून घेतला.

पडद्याला लागूनच खुर्चीत कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांची बायको बसली होती. माझ्या हाताच्या अंतरावर. जे मी ऐकलं ते तिनेही ऐकलं. तिने मासिकाचं पान उलटलं.

कंपाउंडर रिकामी बादली खाली ठेवत म्हणाला, "खिडकीशी जा ना. तुमचं औषध तिकडून मिळतं, ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. आम्ही महार. अंबरनाथला बुवापाड्यात राहणारे. दवाखान्याच्या मागल्या अंगाला गटाराशेजारी एक खिडकी होती. आमच्या लोकांनी तिथे उभं राहायचं. डॉक्टर आतून विचारणार, जीभ दाखव, खोकून दाखव. नाडीला हात लावायचा नाही. बाटली आपण धरायची, औषध वरून ओतणार. बाप गेल्यावर आम्ही बदलापूरकडचं गाव सोडून चुलत्याकडे, तात्याकडे, राहायला आलो, तेव्हापासून त्याच खिडकीशी उभे राहत होतो. त्या दिवशी आईला उभं राहवत नव्हतं. म्हणून मी तिला आत आणून बसवली. आमचा गुन्हा तेवढाच.

एक बाई मात्र उठली. सिंधी म्हातारी. कल्याण कॅम्पात, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या बराकीत राहायची, पापड विकत अंबरनाथला यायची. डोळा सुजला होता म्हणून दवाखान्यात आली होती. तिने आपल्या ओढणीने आईचं तोंड पुसलं, पाठ पुसली, आणि कंपाउंडरकडे बघून म्हणाली, "बीमार औरत है! शरम नहीं?"

कंपाउंडरने मान खाली घातली. पण बाक पुसायला घेतला.

आईला घेऊन मी बाहेर पडले. ती थडथड कापत होती. वाटेत एकदाच बोलली, "कुनाला सांगू नको गो बाय."

मी तिचा ओला पदर पिळत चालत राहिले.

तिसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना. तात्याने कुणाची तरी बैलगाडी मागून आणली आणि आम्ही तिला कॅम्पातल्या सरकारी दवाखान्यात नेली. छातीत न्यूमोनिया निघाला. तिथल्या नर्सने आईचं मनगट हातात धरलं आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. आई टक लावून आपल्या मनगटाकडे बघत होती. तिच्या जन्मात नाडीवर पहिल्यांदाच कुणाचं बोट पडत होतं.

आई वाचली. पण माझ्या पायाला भिंगरी लागली. मी तेव्हा कॅम्पात निर्वासितांची नवी घरं बांधायच्या कामावर होते. घमेली वाहायची. डोक्यावर चुना आणि डोक्यात ती बादली. जेवायला बसले तरी उठायची. बसवत नव्हतं. कुठे जायचं ते कळत नव्हतं. शेवटी चौकीवर गेले.

हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मारलं का कुणी?"

"नाही."

"रक्त आलं?"

"नाही."

"मग पाणीच पडलं ना? वाळलं असेल आता. जा घरी. हे अदखलपात्र आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आम्ही दखल घेत नाही."

परत येताना तो शब्द दातात अडकल्यासारखा अडकून राहिला. अदखलपात्र. जन्मापासून आम्ही तेच होतो, फक्त आमच्यासाठी असा शब्द आहे हे ठाऊक नव्हतं.

वस्तीत एक गुरुजी होते. आमच्यातलेच. संध्याकाळी पिंपळाखाली वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, "शिवाशिवीविरुद्धचा नवा कायदा झालाय. दवाखान्यात, दुकानात, पाणवठ्यावर अडवलं तर गुन्हा. आणि त्यातला प्रत्येक गुन्हा दखलपात्र. पोलिसांना लिहून घ्यावाच लागतो."

"मग हवालदार तसं का म्हणाला?"

"तू परत जाणार नाहीस असं त्याला वाटलं."

मी परत गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. तो म्हणायचा फौजदारसाहेब नाहीत. मी म्हणायचे थांबते. चौकीच्या आवारात उभी राहायचे. बस म्हणायचा तरी बसत नव्हते. एक दिवस फौजदार खरंच आले आणि माझ्याकडे बघून त्यांनी हवालदाराला विचारलं, ही कोण? त्या दिवशी फिर्याद लिहून घेतली.

फिर्याद म्हणजे काय घडलं ते आपण सांगायचं आणि त्यांनी लिहायचं. लिहून झालं की वाचून दाखवतात. फौजदारांनी वाचलं, "सदर वेळी बाकावरील पाणी माझे आईचे अंगावर सांडले."

मी म्हटलं, "सांडलं नाही."

"काय?"

"सांडलं नाही साहेब. ओतलं."

"एकच ते."

"एकच नाही. सांडतं ते चुकून. ओततात ते मुद्दाम."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग टाक दौतीत बुडवून 'सांडले' खोडलं आणि वर 'ओतले' लिहिलं. मी सही केली. चौथीपर्यंत शिकले होते. अक्षर वेडंवाकडं आलं, पण माझं होतं.

मग जबान्या झाल्या. आईची, माझी. पापडवाल्या बाईला शोधायला मी कॅम्पात बराकी-बराकींतून फिरले. नाव ठाऊक नव्हतं. सुजलेल्या डोळ्याची पापडवाली, एवढंच विचारत होते. एका बराकीसमोर उन्हात पापड वाळत होते आणि ती राखण करत बसलेली. ईश्वरीबाई. पोलिसांना सांगाल का, विचारलं. तिच्या सुनेने आतून सिंधीत काहीतरी रागाने म्हटलं. आम्ही परगावात आलेली माणसं, आम्हाला कशाला कोर्टकचेरी, असं असावं. ईश्वरीबाई म्हणाली, "देखा है तो बोलूँगी। आँख खराब है, अंधी नहीं हूँ।"

पंचनामा म्हणजे घडल्या जागेची पाहणी, दोन तिऱ्हाईत माणसांदेखत. तो इतक्या उशिरा झाला की तोवर आईचा खोकलाही कमी झाला होता. पंच म्हणून आणले ते दवाखान्याच्या शेजारचे दोन दुकानदार. रोज डॉक्टरांना नमस्कार करणारे. मी रस्त्यावरून बघत होते. फौजदारांनी लिहिलं, दवाखान्यात लाकडी बाक एक, लांबी अमुक, रुंदी अमुक. बाक कोरडा आढळला.

हे मला नंतर कोर्टात कळलं. ऐकून मला हसू आलं.

कोर्ट कल्याणला. आरोपी दोन. पहिला कंपाउंडर, दुसरे डॉक्टर. दोघे जामिनावर. पहिल्या तारखेला मी आणि आई उन्हाच्या आधी पोचलो. आई व्हरांड्यात भिंतीला टेकून उकिडवी बसली. थोड्या वेळाने डॉक्टर आले. पांढरा कोट घालून नव्हे, काळा सूट. त्यांच्या वकिलांनी पट्टेवाल्याला खूण केली. पट्टेवाल्याने खुर्ची आणून दिली. कंपाउंडर त्यांच्या मागे उभा.

आरोपी बसलेला. फिर्यादी उभी. हे पहिल्या दिवशी शिकले.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दोघांना विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

डॉक्टर म्हणाले, "नाही." कंपाउंडर म्हणाला, "नाही." आणि पुढची तारीख पडली.

त्या तारखेच्या आधीच तात्यावर आलं. तात्या कारखान्यात हमाल होता. ज्या साहेबांची बायको खुर्चीत मासिक वाचत होती, त्याच साहेबांच्या हाताखाली. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर आपल्याच माणसांसारखे आहेत. मिटवून टाका. तुझ्या नोकरीचा विचार कर."

तात्या घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मग मला म्हणाला, "पोरी, कायद्यात तडजोड आहे. डॉक्टरांच्या वकिलांनीच सांगितलं. कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं. डॉक्टर म्हणतात, वहिनीला जन्मभर फुकट औषध देईन."

"कुठून?"

"काय कुठून?"

"दारातून की खिडकीतून?"

तात्या एकदम ओरडला, "माझी चार पोरं आहेत! तुझं काय जातं? तू घमेली वाहशील कुठेही!"

त्याचं चुकत नव्हतं. म्हणूनच मला जास्त संताप आला. साहेबांनी अशी गाठ मारली होती की ओढली तर आमच्याच माणसाचा गळा आवळणार. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मोठी मानसा ती. आपून कुठं पुरं पडनार? मिटवू गो."

पाणी तिच्या अंगावर ओतलं होतं. मिटवायचं की नाही हे म्हणायचा हक्क तिचा.

पुढच्या तारखेला वकिलांनी तडजोडीचा अर्ज लिहूनच आणला होता. गैरसमजातून प्रकार घडला, आता आमची काही तक्रार नाही. आईचा अंगठा घ्यायचा होता. वकिलांनी शाईची डबी आईपासून दोन हातांवर जमिनीवर ठेवली. अर्ज शेजारी ठेवला. आणि मागे सरकले. "घे. इथे लाव."

आई वाकली. गुडघ्यावर आली. तशीच, जशी दवाखान्यात आली होती. मी तोंड फिरवलं. मला बघवेना.

आमचं नाव पुकारलं. अर्ज साहेबांसमोर गेला. मॅजिस्ट्रेटसाहेब उतारवयाचे, शांत बोलणारे. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि आईला जवळ बोलावलं.

"बाई, या कागदावर काय लिहिलंय ते ठाऊक आहे?"

"व्हय."

"ही तडजोड तुम्ही राजीखुशीने करता आहात?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "राजीखुशी म्हंजे?"

"म्हणजे स्वतःच्या मनाने. कुणाच्या दबावाने नाही. तुमच्या मनात आहे म्हणून."

वकील घाईने म्हणाले, "साहेब, अडाणी बाई आहे, तिला..."

साहेबांनी हात वर केला. "तिला विचारलंय."

मला वाटलं आई रडेल. तिचे ओठ हलत होते, जणू तो शब्द ती तोंडात घोळवून बघत होती. राजी. खुशी. तिला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. नवऱ्याने नाही, गावाने नाही, मीसुद्धा नाही. मग ती म्हणाली,

"मनानं नाय."

"मोठ्याने सांगा."

"मनानं नाय, सायेब. भ्यावानं केलंय. मन नाय माजा."

साहेबांनी अर्जावर दोन ओळी लिहिल्या. "तडजोडीस परवानगी नाही. खटला पुढे चालेल."

बाहेर आल्यावर तात्याने डोकं धरलं. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी खोटा कसा बोलू भावजी? त्यानं मना इचारलं." तात्याला पुढच्याच आठवड्यात कामावर येऊ नकोस म्हणून सांगितलं गेलं. तो वीटभट्टीवर जायला लागला. माझ्याशी कितीतरी महिने बोलला नाही. त्याच्या पोरांच्या ताटात काय असायचं ते मला दिसायचं. ते मी विसरलेले नाही. विसरायचंही नाही.

आता माझी साक्ष. पिंजऱ्यात उभं करून शपथ देतात. ईश्वरसाक्ष खरं सांगेन. आधी सरकारी वकील विचारतात, ती सरतपास. त्यात फार काही नव्हतं. काय झालं, कधी झालं, कोण होतं. मग आरोपीचे वकील उठतात. उलटतपास. सरकारी वकिलांनी मला आधीच सांगितलं होतं, "ते तुला चिडवतील. चिडू नकोस."

वकिलांनी अंगावरचा झगा सावरला. "तू त्या दिवशी आंघोळ केली होतीस का ग?"

कुणीतरी हसलं.

"तुझी आई दारू पिते ना? म्हणून पडली ना ती?"

"नाही."

"तुमच्या वस्तीत मीटिंगा होतात. तिथे तुला शिकवून पाठवलं, बरोबर?"

"नाही."

"अग, नीट बोल. कोर्टात आहेस तू."

मी पिंजऱ्याचा कठडा धरला. वकिलांकडे नाही, साहेबांकडे बघितलं.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"हे डॉक्टरांना अहो म्हणतात. ते आरोपी आहेत. मी फिर्यादी आहे. मला अग का?"

कोणी हसलं नाही. वकील लाल झाले. म्हणाले, "साहेब, हा काय..."

साहेब म्हणाले, "साक्षीदाराला आदराने विचारा. पुढचा प्रश्न."

एवढंच झालं. छोटीच गोष्ट. पण आजवर मला कुणीही हाक मारली की माझी मान आपोआप खाली जायची. त्या दिवशी गेली नाही. नंतरही गेली नाही. वकिलांनी 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली तेव्हा प्रत्येक 'तुम्ही' त्यांच्या घशातून खडा काढावा तसा निघत होता. मी एकेक ऐकून घेतला.

"पंचनाम्यात बाक कोरडा आढळला. तुमचं काय म्हणणं?"

"बाक वाळला, साहेब. त्याला न्यूमोनिया झाला नाही."

"पाणी चुकून सांडलं."

"ओतलं."

"एका लहान मुलाला उलटी झाली होती, बाक धुवायचाच होता."

"मुलाची उलटी मी बघितली नाही. माझी आई बघितली."

"डॉक्टर काही बोललेच नाहीत."

"बोलले. यांना बाकावर कोणी बसू दिलं, आधी धुऊन घे तो. हे बोलले."

"तुमच्याशिवाय कुणी ऐकलं?"

"हो. पडद्यापाशी बसलेल्या बाईंनी."

पुढच्या तारखेला ईश्वरीबाई आली. पायात चपला, अंगावर धुतलेली पांढरी ओढणी. तिने सरळ सांगितलं. बाई बसली होती. तापाने फणफणलेली होती. याने तिच्यावर बादली ओतली. मी पुसलं. सरकारी वकिलांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? तिने कपाळाला आठ्या घातल्या. ती जर म्हणाली असती की हो, धुऊन घे म्हणाले, तर खटला तिथेच फिरला असता. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण. म्हण ना.

ती म्हणाली, "डाक्टर कुछ बोला। मराठी में बोला। मेरे को समझा नहीं। जो समझा नहीं, वो कैसे बोलूँ?"

मला तिचा राग आला नाही. खोटं न बोलणाऱ्या माणसाचा राग कसा येईल? पण मला कळलं की आता सगळं एका माणसावर आलं.

मासिक वाचणाऱ्या त्या बाई डॉक्टरांच्या बाजूने साक्षीला आल्या. कारखान्यातल्या साहेबांच्या मोटारीतून. त्यांनाही खुर्ची मिळत होती, पण त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. चांगलं, शुद्ध बोलत होत्या. म्हणाल्या, "मी मासिक वाचत होते. माझं लक्ष नव्हतं. पाणी सांडलेलं दिसलं. डॉक्टर काही बोलल्याचं मला आठवत नाही."

सरकारी वकिलांनी विचारलं, "तुम्ही पडद्याला लागून बसला होता ना?"

"हो, पण मी गोष्टीत रंगले होते."

उतरताना त्यांची नजर आईवर पडली. एक क्षण. त्यांनी पदर सारखा केला. मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. शपथ घेऊन त्या 'आठवत नाही' म्हणाल्या. 'आठवत नाही' हे खोटं ठरवता येत नाही. सुशिक्षित माणसाला ते बरोबर ठाऊक असतं.

शेवटी आरोपींना विचारतात, तुमच्याविरुद्ध असा असा पुरावा आला आहे, तुमचं काय म्हणणं. डॉक्टर म्हणाले, "मी आत रुग्ण तपासत होतो. मला काही कल्पना नाही." कंपाउंडरला साहेबांनी विचारलं, "तुला बाक धुवायला कोणी सांगितलं?"

तो डॉक्टरांकडे बघत होता. गरीब माणूस. शर्टाची कॉलर उसवलेली.

"कोणी नाही. मीच केलं."

निकाल लागला तेव्हा पावसाळा संपत आला होता. साहेबांनी वाचला. आरोपी नंबर एक दोषी. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड. आरोपी नंबर दोन यांच्याविरुद्ध फक्त फिर्यादीचा शब्द आहे, दुसरा आधार नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त.

संशयाचा फायदा. आमच्या वाट्याला आयुष्यभर संशय आला. फायदा दुसऱ्याचा.

डॉक्टर उठले, हात जोडले, गेले. मोटारीचा आवाज आला. कंपाउंडर भिंतीशी उभा राहिला, संध्याकाळपर्यंत. लोक माझ्याजवळ येऊन म्हणाले, जिंकलीस. गुरुजी म्हणाले, शिक्षा झाली हेच मोठं. आई म्हणाली, चल घरी. मला हलवेना. मी त्या कंपाउंडरकडे बघत होते. ज्या हाताने बादली उचलली तो हात पकडला गेला. ज्या तोंडाने हुकूम दिला ते तोंड जेवायला घरी गेलं. मला आनंद झाला नाही. थोडासुद्धा नाही.

सरकारी वकिलांना विचारलं, याच्यावर अपील? ते म्हणाले, "निर्दोष सुटलेल्यावर अपील फक्त सरकार करू शकतं. आणि सरकार एवढ्यासाठी करणार नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांची चूक नाही. साक्षीदार नव्हता."

साक्षीदार होता. माझ्या हाताच्या अंतरावर खुर्चीत बसला होता.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. कायदा आहे. फिर्याद लिहिता येते. मॅजिस्ट्रेट चांगला मिळू शकतो. तरी सगळं येऊन अडतं ते एका माणसावर, जो बघतो आणि पान उलटतो. अशी माणसं मी बदलू शकत नाही. त्यांच्या घरी जाऊन विनवणी करणार नाही. पण बघणारं माणूस मी होऊ शकते.

महिना-दीड महिन्याने बदलापूरच्या पुढच्या एका गावाहून आमच्यातलीच एक बाई गुरुजींकडे आली. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. गावच्या विहिरीवर गेली म्हणून तिचा हंडा फोडला होता. चौकीवर गेली तर विचारलं, साक्षीदार कोण? गावातलं कोणी पुढे येईना. तिथल्या आमच्या लोकांतलंही नाही. सगळे कसायचे ते दुसऱ्याची जमीन. ती गुरुजींना विचारत होती, आता काय करू?

गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. मी कामावरून आले होते, हातावरचा चुना अजून धुतला नव्हता.

मी तिला विचारलं, "तू पुन्हा त्या विहिरीवर जाशील?"

ती दबकत म्हणाली, "जाईन. पण पुन्हा फोडतील."

"फोडू देत. किती वाजता जातेस?"

"सूर्य उगवताना."

आईने माझ्यासाठी भाकरी बांधून दिली. नको म्हणाली नाही. तात्या दारात उभा होता. कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बोलला. म्हणाला, "एकटी जाऊ नकोस. मी येतो. दोन साक्षीदार बरे."

आम्ही निघालो. मी आता कुणाच्या दयेवर नाही, कुणाच्या आठवणीवर नाही. कोण काय करतो ते मी डोळे उघडे ठेवून बघणार. कोण काय बोलतो ते शब्दाला शब्द लक्षात ठेवणार. हुकूम देणारा पडद्याआड असो की झाडाआड, त्याचं नाव घेणार. पिंजऱ्यात उभी राहून घेणार, मान वर करून घेणार. उलटतपासाला जितके वकील येतील तितके येऊ देत.

यापुढे आमच्यावर काही झालं आणि कुणी बघितलं नाही, असं या मुलखात कुणाला लिहिता येणार नाही.